नवजात बालक आणि अवटू ग्रंथी
(वार्षिक सभेतील भाषण)



डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ मध्ये कल्याणला झाला. अल्पवयातच त्यांना पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी संपादन केली. बाळाच्या आयुष्यातील पहिले दिवस किती मोलाचे असतात, हे आज एका लहानशा ग्रंथीच्या निमित्ताने आम्ही आपणांसमोर मांडू इच्छितो.

लाळ वा घाम नलिकेवाटे बाहेर पडतो. अंतःस्रावी ग्रंथींना मात्र नलिका नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. या स्रावांना संप्रेरके किंवा हॉर्मोन म्हणतात. स्वादुपिंडातील इन्सुलिन रक्तातील साखर आटोक्यात ठेवते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी संकटसमयी शरीराला सज्ज करतात. गळ्याच्या पुढील भागातील फुलपाखराच्या आकाराची अवटू, म्हणजे थायरॉईड, ग्रंथी आयोडीनच्या साहाय्याने थायरॉक्सिन तयार करते. शरीरातील पेशींच्या कामाची गती त्यावर अवलंबून असते आणि बालकाच्या मेंदूची वाढही.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीची देखरेख असते. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी उतरले की गोळा खाली येतो व नळ उघडतो; टाकी भरली की नळ बंद होतो. तद्वत रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पियुषिका टीएसएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडून अवटूला कामास लावते, आणि पुरेसे झाले की हात आखडता घेते. म्हणूनच टीएसएच फार वाढलेले आढळले, तर अवटू ग्रंथी दुबळी असल्याचा संशय येतो.

सुमारे हजार बाळांमागे एखादे बाळ जन्मतःच अशी दुबळी ग्रंथी घेऊन येते. गर्भात आईचे थायरॉक्सिन काही अंशी त्याला मिळालेले असते. त्यामुळे जन्मसमयी ते बहुधा निरोगीच दिसते. पुढे ते कमी रडते, फार झोपते, दूध ओढताना थकते; कावीळ लांबते. घरची मंडळी कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणे बाळ, मुळीच त्रास देत नाही!’ या कौतुकातच मोलाचे आठवडे निघून जातात. उपचाराविना मेंदूची जी वाढ खुंटते, ती पुढे औषधाने पूर्णपणे भरून निघत नाही.

उपाय मात्र साधा आहे. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब गाळणकागदावर घ्यावयाचे. पहिल्या दिवशी टीएसएच निसर्गतःच वाढलेले असते, म्हणून घाई करावयाची नाही. संशय आल्यास रक्ताची पुन्हा तपासणी करून निदान पक्के करावयाचे आणि शक्यतो दोन आठवड्यांच्या आत थायरॉक्सिनची गोळी सुरू करावयाची. ती चुरडून थोड्या आईच्या दुधात वा पाण्यात देता येते. १८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क देऊन अशा दुबळेपणाचा उपचार प्रथम यशस्वी केला. आज तेच संप्रेरक अल्प किमतीच्या गोळीत मिळते.

खरी अडचण पुढेच येते. बाळंतीण दोन दिवसांत घरी जाते. कोणी डोंबिवलीतील चाळीत, कोणी मुरबाड वा शहापूरकडे माहेरी. अहवाल येतो तेव्हा दिलेला दूरध्वनी लागत नाही, पत्ता सासरचा असतो. तपासणी झाली, पण बाळ सापडले नाही, तर ती तपासणी व्यर्थच. गोवा राज्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता. आपल्या देशात सर्वच बाळांना मात्र ती अद्याप मिळत नाही.

म्हणून देणगीदारांना आमची विनंती आहे की, तपासणीच्या खर्चाबरोबरच घरोघरी जाऊन बाळ शोधणाऱ्या कार्यकर्तीचा खर्चही सत्पात्री दान मानावा. कुटुंबीयांना विनंती ही की, माहेरचा व सासरचा असे दोन्ही पत्ते नोंदवावेत, अहवाल स्वतः मागून घ्यावा आणि बाळ छान दिसू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

टाचेतील त्या थेंबांपासून उपचाराच्या पहिल्या गोळीपर्यंतचे अंतर आपण सर्वांनी मिळून कमी करू या.