मोफत टपालपेटी आणि तिची किल्ली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 आजवर या व्यासपीठावर मी हळदीकुंकवाची सूचना किंवा जमाखर्च, एवढेच वाचून दाखविले आहे. आज विषय आहे ई-मेलचा आणि तो मोबाईलवर कसा येतो याचा. विषय जाहीर होताच कित्येकजणींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. “हे मुलांचे काम, आपले नव्हे,” असे ते हसू होते. दोन वर्षांपूर्वी मीही तशीच हसले असते. त्यानंतर काय घडले, ते आज सांगणार आहे.

जवाहरनगरात राहणाऱ्या आपणा सर्वजणींना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. ज्या घराच्या दारात आपण तुळस लावतो, ते घर आपले नसते. मालकांची नोकरी असेतोवर क्वार्टर आपले. निवृत्ती झाली की किल्ली परत करावयाची. घर गेले की पत्ताही जातो. दिवाळीचे कार्ड जुन्या दारी जाते, लग्नपत्रिका फिरून परत जाते. आपल्यासारख्या वसाहतीतल्या बाईला कायमचा पत्ता असा नसतोच. म्हणूनच मला वाटते की, क्वार्टर सुटले तरी न सुटणारा पत्ता जर कोणाला हवा असेल, तर तो सर्वांआधी आपल्याला हवा आहे.

असा पत्ता आज फुकट मिळतो. पण तो पूर्वी मिळत नसे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्या काळी ई-मेलचा पत्ता हा पैसे भरून घेतलेल्या जोडणीबरोबर किंवा नोकरीबरोबर मिळत असे. जोडणी तुटली की पत्ता बुडाला. म्हणजे तोही एक क्वार्टरच होता म्हणा ना! पुढे ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघा तरुणांनी हॉटमेल सुरू केले. भाटिया हे आपल्याच देशातले, काही काळ पुण्याच्या शाळेत शिकलेले. कचेरीच्या यंत्रावर आपली खाजगी पत्रे वाचता येत नाहीत, ही त्या दोघांची अडचण. तिच्यातूनच त्यांना सुचले की, पत्रे कोणत्याही यंत्रावरून, साध्या इंटरनेटच्या पानावर उघडता यावीत, आणि तीही मोफत. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरला विकत घेतली. आपल्याकडे मुंबईच्या रेडिफमेलने घरोघरच्या मुलांना पहिला पत्ता दिला. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले. इतर सेवा दोनचार एम.बी. जागा देत असताना त्यांनी एकदम एक जी.बी. देऊ केली, तेव्हा तारीख पाहून लोकांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. आज चेन्नईची झोहो कंपनीही अशी सेवा देते.

आता मोबाईलचे पाहू. पत्र मोबाईलवर “येते” असे आपण म्हणतो, पण ते खरे नव्हे. पूर्वी पॉप नावाची पद्धत होती. तिच्यात पत्र कंपनीच्या यंत्रावरून उचलून आपल्या यंत्रात आणून टाकीत, आणि मागे बहुधा काही उरत नसे. जसे पोस्टमनने पत्र हाती दिले की पोस्टात काही राहात नाही. १९८६ साली मार्क क्रिस्पिन या संशोधकाने आयमॅप नावाची दुसरी रीत काढली. तिच्यात पत्र मूळ जागी, म्हणजे सर्व्हरवरच राहते, आणि आपण जेथून बघू तेथून तेच पत्र दिसते. मोबाईल, मुलाचा संगणक, मुलीचा टॅब या सगळ्या त्या एकाच पेटीच्या खिडक्या होत. एका खिडकीतून पत्र वाचले की दुसरीतही ते वाचलेले दिसते. यालाच सिंक होणे असे म्हणतात. फोनमधील नावे-क्रमांक आणि कॅलेंडरातील तारखा यांचीही अशीच जुळवणी करून ठेवता येते.

कारखान्यातील उदाहरण घ्या. आपल्या येथे दारूगोळ्याचे काम चालते, तेव्हा मोबाईल फाटकाच्या आत न्यावयाचा नाही. सकाळी दहाला मुलाच्या कॉलेजचे पत्र आले, तर मालकांचा फोन बाहेर पडून आहे म्हणून ते हरवत नाही. सर्व्हरवर ते वाट पाहात राहते. पाळी सुटल्यावर त्यांनी फोन सुरू केला, की त्याची खूण वाजते. तोवर घरी संगणकावर त्यांच्याच खात्यात ते कोणी उघडले असेल, तर ते वाचलेले म्हणून दिसते, इतकेच.

येथवर सारे सोयीचे. आता माझी फजिती सांगते.

माझी थोरली मुलगी लग्नानंतर कॅनडात गेली. फोनवर बोलू लागली की दोघींनाही रडू येई, म्हणून मीच तिला म्हटले, “बाई, तू लिहीत जा.” ती दर रविवारी लिही. तिकडचा बर्फ, पहिल्या बाळंतपणाची भीती, सासूबाईंशी झालेली कुरबुर, सारे त्या पत्रांत होते. पाच वर्षांत अडीचशेवर पत्रे झाली. एके दिवशी फोन म्हणू लागला, जागा भरली. मी विचार केला, पत्रे संगणकावर आहेतच, मोबाईलमधील काढून टाकू. एकेक करून दुपारभर काढली. मोठे काम केल्याच्या समाधानात चहा घेतला. आठवड्याने संगणक उघडला, तर पेटी रिकामी! खिडकीतून हात घालून मी पेटीच उपसली होती. सिंक दोन्ही बाजूंनी चालते, हे मला कोणी सांगितले नव्हते. येथले काढले की तेथलेही जाते.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी शेजारच्या घरची कॉलेजातली मुलगी आली. तिने “ट्रॅश” नावाचा कप्पा उघडला. काढलेली पत्रे त्या सेवेत तीस दिवस तेथे पडून असतात. सगळी होती! त्या पोरीला मी त्या दिवशी जे शिरापुरी खाऊ घातले, ते ती अजून काढते.

परंतु सगळे असे परत मिळत नाही. मालक निवृत्तीनंतर आपल्या गावच्या, आपल्या आईच्या आठवणी फोनवर लिहीत बसत. कोणाला पाठवीत नसत. “पुरे झाले की पाठवीन,” म्हणत, आणि मसुदे त्या टपालपेटीतच ठेवीत. २०२१ साली ते गेले. दुःखात फोन कपाटात पडून राहिला. रिचार्ज कोणी केले नाही, तेव्हा क्रमांक बंद पडला आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळाला. वर्षाच्या वर लोटल्यावर मुलाने फोन सुरू करावयास घेतला, तर तो बिघडलेला. नव्या फोनवरून खाते उघडू गेलो, तर परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नाही. नवा मागावा, तर खात्रीचा आकडा त्या जुन्या क्रमांकावर जातो, आणि तो क्रमांक आता परक्याच्या हाती. आम्ही पुष्कळ खटपट केली. ती पेटी आम्हाला आजतागायत उघडता आलेली नाही. दोष कोणाला द्यावा? आम्हीच कधी विचारले नाही की, याची किल्ली कोठे आहे.

भगिनींनो, आपण बँकेच्या पासबुकाची जागा दोघांना सांगून ठेवतो, दागिन्यांच्या डब्याची सांगतो. या पेटीची मात्र कोणी सांगत नाही. म्हणून माझी विनंती ही की, घरी गेल्यावर चार गोष्टी कराव्यात.

पहिली. खाते आपल्या स्वतःच्या नावाचे असावे. कित्येक घरी बाईच्या फोनवर खाते असते ते पुतण्याचे नाही तर जावयाचे. मग फोन बदलला की सगळ्या ओळखीपाळखीचे क्रमांक त्याच्याकडे राहतात. खाते आपले असेल आणि त्यात फोनबुक सिंक केलेले असेल, तर हरवलेल्या फोनबरोबर माणसे हरवत नाहीत. नव्या फोनवर परवलीचा शब्द घातला की सर्वजणी परत येतात.

दुसरी. चालू असलेला क्रमांक आणि दुसरा एक ई-मेल पत्ता, असे दोन्ही त्या खात्यास जोडावेत. राखीव आकड्यांची यादी सेवा देते. ती कागदावर उतरून पासबुकाजवळ ठेवावी. गूगलच्या खात्यात तर अशी सोय आहे की, इतके महिने खाते वापरले नाही तर कोणाला कळवावे आणि काय सोपवावे, हे आधीच लिहून ठेवता येते. आमच्या घरी हे केलेले असते, तर त्या आठवणी आज नातवंडांनी वाचल्या असत्या.

तिसरी. मोफत म्हणजे काय, हे समजून घ्यावे. यातील बहुतेक सेवा जाहिरातींवर किंवा पैसे भरणाऱ्या दुसऱ्या ग्राहकांवर चालतात, आणि नियम त्यांचे असतात. गूगलने फोटोंसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद केली. आता टपाल, कागदपत्रे आणि फोटो मिळून १५ जी.बी. जागा मोफत असते, आणि ती भरून वाहू लागली की नवी पत्रे येणे थांबते. नातवाच्या फोटोंनी पेटी भरली आणि पेन्शनचे पत्र दारातून परत गेले, असे होऊ देऊ नये. तसेच, दोन वर्षे न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकण्यास गूगलने सुरुवात केली आहे. तेव्हा महिन्यातून एकदा तरी पेटी उघडावी, आणि मोलाची पत्रे छापून किंवा उतरवून घरी ठेवावीत.

चौथी. फोन हरवला तर रडत बसू नये. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून खाते उघडून हरवलेला फोन त्यातून बाहेर काढता येतो. लगोलग परवलीचा शब्द बदलावा. आणि खात्रीचा आकडा कोणी फोनवरून मागितला, मग तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणवीत का असेना, तर त्यास तो मुळीच सांगू नये.

हीच गोष्ट आपल्या मंडळासही लागू आहे. मंडळाचा पत्रव्यवहार आज ज्या त्या चिटणीसबाईंच्या खाजगी खात्यावर चालतो. त्यांच्या मालकांची बदली झाली की आपली पत्रेही बदलीवर जातात. मंडळाच्या नावाचे एक खाते उघडावे, दोन फोनवर ते सिंक करावे, आणि चिटणीस बदलताना दप्तराबरोबर परवलीचा शब्दही बदलून सोपवावा, अशी सूचना मी अध्यक्षबाईंपुढे नम्रपणे ठेवते. शिकवणीस बसावयाचे असेल, तर दर शनिवारी दुपारी मी आणि ती शेजारची मुलगी मंडळात येऊन बसू. शिरापुरीची अट नाही.

आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. भांडे घेतले की आपण त्यावर नाव कोरून घेतो. पंक्तीला गेलेले भांडे त्या नावामुळेच तर फिरून घरी येते. माझे सांगणे एवढेच की, या नव्या भांड्यावरही आपले नाव घालून घ्या, आणि आतला ठेवा कोणाच्या हाती जावा, तेही आजच सांगून ठेवा.