माळ्यावरचे दप्तर आणि गावाचा इतिहास
(चकलांबा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढाया, अशी समजूत अद्यापि रूढ आहे. ती मान्य केली तरी आपला गेवराई तालुका रिता ठरत नाही. येथल्याच राक्षसभुवनास १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. परंतु त्या फौजांना दाणावैरण कोणी पुरविली, कोणाची शेते तुडविली गेली, हे जाणावयाचे तर घरोघरची दप्तरेच उलगडावी लागतात.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी हेच व्रत घेतले. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरील मोडी रुमाल मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांत संपादिली. १९१० साली सरदार मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. १९२६ साली ते निवर्तल्यावर धुळ्यास त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. पैठण आणि तेर या दोन्ही पेठांचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आणि पैठणला बाळासाहेब पाटील यांनी मृण्मूर्ती, मणी, नाणी जिव्हाळ्याने जमविली. त्या संग्रहांतूनच तेथील वस्तुसंग्रहालये साकारली. मूळ प्रेरणा सरकारची नव्हे, गावकऱ्याची होती.

आणि आपण काय करतो? वाडा पाडताना सनदा, महजर रद्दीत जातात; नांगराच्या फाळाला लागलेले नाणे सोनाराच्या मुशीत जाते. मोडी वाचणारे आजोबा गेले की घरातला कागद घरच्यांनाच मुका होतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. प्रत्येक कुटुंबाने आपल्या कागदांची यादी करावी. वस्तू कोठे, कोणत्या शेतात सापडली, हे तेव्हाच लिहून ठेवावे. ठिकाण हरपले की वस्तूचे निम्मे मोल हरपते. मूळ कागद देववत नसेल, तर निदान त्याचे छायाचित्र मंडळाकडे द्यावे.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. एखादा कागद आपल्या ज्ञातीचा गौरव सांगेल, एखादा आपल्या पूर्वजांनी केलेला अन्यायही सांगेल. दोन्ही सारख्याच काळजीने जपावेत. सोयीचे तेवढे ठेवणारा समाज इतिहास राखीत नाही, केवळ स्वतःची स्तुती राखतो. आपण इतिहास राखू या.