सायकलचा विमानप्रवास आणि पेटीची निवड

सायकल विमानाने नेताना ती कशात भरावी, हा प्रश्न वरवर पाहता सुरक्षिततेचा वाटतो. वस्तुतः तो आधी वजनाचा आहे, कारण पेटी जितकी मजबूत, तितका सामानाच्या मुभेतील मोठा वाटा ती स्वतःच व्यापते. फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरच्या आणि जास्तीत जास्त ९० तासांत पूर्ण करावयाच्या मोहिमेसाठी भारतातून जाणाऱ्या सायकलस्वारासमोर हा हिशेब स्पष्टपणे उभा राहतो. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या अनेक तिकिटांवर एका नगाला २३ किलोंची मर्यादा असते. टणक कवचाची पेटी रिकामीच ११ ते १३ किलो भरते, आणि लांब पल्ल्याची सायकल १० किलोंच्या आसपास असते, म्हणजे पाने, पंप व हेल्मेट यांना जवळजवळ जागाच उरत नाही. देशांतर्गत प्रवासात बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलोंचीच मुभा देतात, त्यामुळे मुंबईहून किंवा पुण्याहून जाणाऱ्याला त्याच पेटीपायी दर खेपेस जादा वजनाचे शुल्क भरावे लागते.

मऊ बॅग, म्हणजे जाड कापड, आत फोमचे थर आणि तळाशी सायकल घट्ट बसवण्याचा सांगाडा अशी रचना, साधारण आठ-नऊ किलोंची असते आणि मुक्कामी घडी करून ठेवता येते; वर्षातून एक-दोनदा परदेशी जाणाऱ्यास तीच अधिक सोयीची ठरते. टणक पेटी कार्बनच्या फ्रेमसाठी आणि वारंवार प्रवास करणाऱ्यासाठी खरोखर उपयुक्त आहे, परंतु हॉटेलच्या खोलीत आणि टॅक्सीच्या डिकीत तिची अडचण होते. सायकलच्या दुकानात नवी सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते, तो बहुधा मागितल्यावर सहज मिळतो; तो वजनाला सर्वांत हलका असतो, मात्र पावसात भिजला की त्याचा आधार संपतो, ही त्याची उणीव पावसाळ्यात विसरून चालत नाही.

तरीही पेटीपेक्षा आतील बांधणीच सायकलला अधिक वाचवते. सर्वांत नाजूक जागा मागील डिरेलरची, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेची असते; ती ज्या छोट्या पट्टीवर टांगलेली असते, तिला हँगर म्हणतात आणि तो फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, त्यामुळे पेटी आडवी पडताच तोच प्रथम वाकतो. म्हणून डिरेलर सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधावा आणि आपल्या फ्रेमला बसणारा एक जादा हँगर जवळ ठेवावा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्याने तो परक्या गावी मिळेलच असे नाही. चाक काढल्यावर फोर्कच्या दोन्ही टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवावा, आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असल्यास दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालावा, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेल्यास पॅड एकमेकांना चिकटतात. डावे पेडल उलट आट्यांचे असल्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवूनच सुटते, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांची पाना घेऊन व्यर्थ दमछाक होते.

हे सारे साध्या सायकलींचे झाले; विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा १६० वॉट-तासांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात आणि तशा बॅटऱ्या प्रवासी विमानात सामान म्हणून नेता येत नाहीत.

मनालीहून लेहपर्यंत सायकल चालवून तेथून विमानाने परतणाऱ्यासाठी निवडीचा प्रश्नच बदलतो, कारण पेटी सोबत ओढत नेता येत नाही. अशा वेळी जाताना पुठ्ठ्याचा खोका वापरून तो मनालीतच सोडावा आणि परतीच्या खोक्याची तजवीज लेहमधील सायकलच्या दुकानाशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी.