पडदा वर गेला, पण अर्धाच



हातातली छत्री मिटून भर पावसात नाचणारा एक माणूस तुम्ही नक्की पाहिला असेल. सिनेमा पाहिला नसला तरी तो माणूस कुठेतरी भेटलेला असतोच. चिंब सूट, दिव्याच्या खांबाला लटकलेला, डबक्यात पोरासारखा पाय आपटणारा. तो जीन केली, आणि सिनेमा १९५२ सालचा, ‘सिंगिंग इन द रेन’. त्या दृश्याच्या वेळी केलीच्या अंगात १०३ ताप होता. प्रेयसीला दारापर्यंत पोचवून परतणाऱ्या माणसाला एवढंही भान नसतं, हे त्यानं तापात नाचून दाखवलं. पण आज मला पावसापेक्षा आवाजाबद्दल बोलायचंय. रेडिओवर तेच शोभतं.

या सिनेमाचा जन्म उलट्या पावलांनी झाला. एमजीएमचे निर्माते आर्थर फ्रीड हे मुळात गीतकार. संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन यांच्याबरोबर केलेली त्यांची ढीगभर जुनी गाणी पडून होती. शीर्षकगीतसुद्धा १९२९ च्या एका बोलपटात येऊन गेलेलं. बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयीला काम मिळालं ते या गाण्यांभोवती गोष्ट रचण्याचं. आधी चाल आणि मग शब्द, हे आपल्याला नवीन नाही. इथे आधी गाणी आणि मग अख्खा सिनेमा! दोघांनी विचार केला, गाणी ज्या काळातली, गोष्टही त्याच काळात नेऊ. म्हणजे १९२७. ‘द जॅझ सिंगर’ आला आणि मूकपटांच्या राजाराण्यांना अचानक तोंड उघडावं लागलं, तो काळ.

यातली राणी लीना लामॉन्ट. रूप अप्सरेचं, आवाज पाटीवर नख ओढल्यासारखा. तिच्या पहिल्या बोलपटाचं शूटिंग एकदा बघाच. माइक झुडपात लपवलाय. ही मान वळवते तसा आवाज येतो आणि जातो. माइक तिच्या कपड्यांत शिवला, तर संवादाऐवजी काळजाचे ठोके ऐकू येतात. निर्माते आत येतात, वाटेतली वायर ओढतात आणि त्या वायरीला बांधलेल्या बाईसाहेब कोलमडतात. पुढे थिएटरात आवाज आणि चित्र यांची फारकत होते, आणि नायिकेच्या तोंडून खलनायकाचा जाडाभरडा आवाज येतो. हसून पोट दुखतं. पण विनोद म्हणून पाहिलेलं हे सगळं स्टुडिओवाल्यांनी त्या दिवसांत खरोखर भोगलेलं होतं.

मग तोडगा निघतो: लीनानं नुसते ओठ हलवायचे, बोलायचं आणि गायचं नायकाच्या प्रेयसीनं, कॅथीनं. शेवटी लीना रंगमंचावर ‘गात’ असताना मागचा पडदा ओढला जातो, आणि माइकपुढे उभी असलेली कॅथी सगळ्यांना दिसते. टाळ्या! अन्याय दूर, प्रेम सफळ.

इथवर सगळं गोड आहे. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथेच आहे. कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स एकोणीस वर्षांची, नाचात नवखी. पायांतून रक्त येईपर्यंत तिनं तालीम केली. तरीही कॅथी लीनाचे संवाद ‘भरते’ त्या दृश्यात ऐकू येतो तो आवाज डेबीचा नाहीच. तो आहे जीन हेगनचा, म्हणजे लीनाचं काम करणाऱ्या बाईचा! हेगनबाईंचा खरा आवाज सुरेख होता. कर्कशपणा सारा अभिनय, आणि त्यासाठी त्यांना ऑस्करचं नामांकनही मिळालं. बक्षीस मात्र नाही.

पडदा ओढण्याचा हा धडा हॉलिवूडनं स्वतः किती गिरवला? पुढच्या बारा वर्षांत ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुड आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी मार्नी निक्सन गात राहिली. पडद्यावर तिचं नाव नव्हतं. आपण तरी काय वेगळे होतो म्हणा. १९४९ मध्ये ‘महल’ची ‘आयेगा आनेवाला’ ही रेकॉर्ड निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालाच्या भूमिकेचं नाव. गाणाऱ्या होत्या लतादीदी. फरक एवढाच की आपल्याकडे श्रोते गप्प बसले नाहीत, आणि दीदीही बसल्या नाहीत.

‘ला ला लँड’ असो की ‘द आर्टिस्ट’, या सिनेमाची उसनवारी अजून चालू आहे. ती पाहताना मला मात्र ‘वुड यू’ हे गाणं आठवतं. कॅथी माइकपुढे गाते, आणि तेच सूर पुढच्या चित्रात लीनाच्या ओठांवर येतात. लीनाचे ओठ, कॅथीचा गळा. प्रत्यक्षात त्या गाण्यात डेबीही ओठच हलवत होती. गात होती बेटी नॉइज नावाची तिसरीच बाई. श्रेयनामावली पुन्हा एकदा सावकाश वाचून बघा. ती तिथे सापडत नाही.