औषध देण्याचा अधिकार कोणाचा?

डॉक्टर नसलेल्या माणसाने औषध द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी चुकीच्या टोकाकडून मांडला जातो. पदवी कोणती, एवढेच विचारले जाते. रोग कोणता, औषध कोणते आणि त्याच्या विक्रीत देणाऱ्याचा लाभ किती, हे कोणी विचारीत नाही.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. जंतुदोषाची ठराविक लक्षणे दिसली की बाळाला इस्पितळात नेण्याचा सल्ला त्या प्रथम देत. आईबापांना ते शक्य नसले, तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी, ३९ गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. मात्र औषधे मोजकी होती, मात्रा ठरलेली होती, नोंदी तपासल्या जात होत्या. आणि औषधविक्री हा त्यांचा धंदा नव्हता.

आता दुसरे चित्र. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांना ॲलोपॅथिक औषधे देण्याची मुभा दिली. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून डॉक्टरांनी संप केला. डॉक्टर दाखवितात तो धोका खोटा नाही. एका रोगाचे शिक्षण देऊन एक औषध हाती देणे वेगळे, आणि वर्षभराच्या शिक्षणावर खाजगी दवाखान्याला सारा औषधसाठा खुला करणे वेगळे.

पण संप करणाऱ्यांनी थोडा इतिहासही आठवावा. १९४६ साली भोर समितीने लायसेन्शिएटचा छोटा अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा नोंदलेल्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक त्याच वर्गातले होते. समितीतील काही सभासदांनी भिन्नमत नोंदविले. ते मागे पडले. पुरवठा आवळला की किंमत चढते आणि बाजारातून पहिला बाहेर फेकला जातो तो गरीब. पदवीधर खेड्यात गेला नाही. त्याची खुर्ची मात्र रिकामी राहिली नाही. सलाईनच्या बाटलीवर संसार चालविणारा बोगस डॉक्टर तीवर येऊन बसला. त्याच्याविरुद्ध संप झाल्याचे फारसे ऐकिवात नाही!

‘गरिबांसाठी हलक्या प्रतीचे वैद्यक’ हा आपल्याच पक्षातला आक्षेप आहे व तो रास्त आहे. वरचा डॉक्टर द्यायचाच नाही म्हणून खालचा कार्यकर्ता नेमला, तर ती फसवणूकच होय. परंतु न्यूमोनिया झालेले मूल तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत दगावते, तेथे समतेचा अर्थ वाट पाहणे असा होऊ शकत नाही. जेंटामायसिन देण्याची परवानगी केंद्र सरकारने एएनएमना दिली ती २०१४ साली, म्हणजे गडचिरोलीच्या निष्कर्षांनंतर १५ वर्षांनी.

आणि आशा? २००५ सालच्या योजनेतून आलेली ही बाई सरकारी दप्तरी अजून ‘स्वयंसेविका’च आहे, तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. तिच्या पिशवीत जीवरक्षक औषध ठेवायचे असेल, तर प्रथम तिला नोकरीत घ्या, आणि काही चुकले तर न्यायालयात तिच्या पाठीशी कोण उभे राहील, हेही त्याच आदेशात लिहा.