मालमोटारीची प्रतिकृती : हस्तव्यवसाय, गणित आणि सुरक्षितता



१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे माध्यम मानले गेले. हाताने केलेल्या कामातून गणित व विज्ञान उमजावे, हा त्यामागील हेतू होता. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत त्या हेतूस अनुरूप असा विषय शाळेच्या दाराशीच आहे. तो म्हणजे मालमोटार. सागवानाचे ओंडके, बांबू, कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांशी येथील मुलांचा नित्य परिचय असतो.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे ट्रकसंच बाजारात मिळतात. त्यांतील भाग चौकटीला जोडलेले असतात. ते पिळून तोडू नयेत. लहान पक्कडीने कापून कडा काचकागदाने घासाव्यात. प्रथम डिंक न लावता जोडणी करून पाहावी. या संचांचा द्राव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून तो अगदी थोडा लावावा आणि खोली हवेशीर असावी. चाके व सांगाडा जोडणीपूर्वी रंगवावा. रंगाचा एक जाड थर ओघळतो. दोन-तीन पातळ थर एकसारखे बसतात.

संच न परवडल्यास पुठ्ठा व बांबूच्या कामट्या पुरेशा आहेत. महत्त्व साहित्याला नसून प्रमाणाला आहे. १:२५ हे प्रमाण घेतल्यास २.५ मीटर रुंदीचा ट्रक १० सेंटिमीटर होतो आणि ६ मीटरचा ओंडका २४ सेंटिमीटर. मात्र घनफळ २५ पटीने नव्हे, तर १५,६२५ पटीने घटते. घरी गोंडी वा माडिया बोलणाऱ्या बालकाला ‘प्रमाण’ हा शब्द परका वाटतो. परंतु मोजपट्टी हाती आली म्हणजे त्याचा अर्थ त्याला आपोआप कळतो.

या प्रतिकृतीचा सर्वांत मोलाचा उपयोग पुढे आहे. चालकाचा डोळा जमिनीपासून ९ सेंटिमीटरवर, पुढील काचेची खालची कड ७ सेंटिमीटरवर आणि डोळ्यापासून ३ सेंटिमीटर पुढे, ट्रकच्या अगदी दर्शनी भागी आहे असे समजा. डोळ्यापासून त्या कडेवरून जमिनीपर्यंत दोरा ताणावा. १ मीटर उंचीच्या मुलाऐवजी ४ सेंटिमीटरची मातीची बाहुली ट्रकसमोर ठेवून हळूहळू पुढे सरकवावी. ४.५ सेंटिमीटर अंतरापर्यंत ती दोऱ्याच्या खालीच राहते. याचा अर्थ, प्रत्यक्षात ट्रकच्या पुढ्यात सुमारे १ मीटर १२ सेंटिमीटर अंतरात उभे असलेले मूल चालकाला मुळीच दिसत नाही. प्रत्येक ट्रकची मापे निराळी असतात. म्हणून चालकाच्या संमतीने, शिक्षकांच्या देखत, इंजिन बंद असलेल्या उभ्या वाहनाची खरी मापे घेऊन हाच प्रयोग पुन्हा करावा.

‘उभ्या गाडीसमोरून जाऊ नका’ हा उपदेश मुले विसरतात. परंतु स्वतः रंगविलेल्या ट्रकसमोर दिसेनाशी झालेली बाहुली ती विसरत नाहीत. आपल्याला ट्रक दिसला म्हणजे चालकालाही आपण दिसतो, हा भ्रम त्या दोऱ्याने दूर होतो. ज्या शाळेजवळून जड वाहतुकीचा रस्ता जातो, त्या शाळेत सत्राच्या प्रथम मासातच हा पाठ घेतला जावा आणि तयार झालेली प्रतिकृती पालकसभेतही मांडली जावी.