भिजलेला मोबाईल
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. पण आपल्या भिशीचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि गेल्या श्रावणात तो चार दिवस बुडाला होता, हे मी आजवर कोणास सांगितले नाही. ते आज सांगून टाकते.

वही सोडून मी हिशेब मोबाईलमध्ये लिहू लागले होते. कपडे धुताना तो सोड्याच्या पाण्याच्या बादलीत पडला. मी पुसला, तांदळाच्या डब्यात खुपसला आणि रात्री धीर धरवेना म्हणून चार्जरला लावला. एकदा उजेड आला, मग काळोख!

पहिला दुकानदार म्हणाला, "बोर्ड बदला." नव्या बोर्डाने फोन चालेल, पण आतले लिखाण जुन्याबरोबर जाणार. ते कुलूपबंद असते आणि किल्ली जुन्या बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये असते. मला घेरी यायचीच बाकी राहिली. वसुली कोणाची आली, कोणाची राहिली, हे मी आठवून आठवून कागदावर मांडू लागले.

चौथ्या दिवशी मंडईमागच्या बोळातल्या एका मुलाकडे गेले. त्याने आधी मलाच दटावले. "काकू, पाण्याने बोर्ड एवढा मरत नाही, पाण्यात वीज सोडली की मरतो. बंद करून तसाच आणायचा. तांदूळ आतला क्षार थोडाच शोषणार?"

त्याने पत्र्याची टोपणे काढली आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक! नव्व्याण्णव टक्के अल्कोहोल आणि मऊ ब्रशने त्याने तो घासून काढला. मग मीटर लावला, तर तो टीं करून ओरडला. म्हणजे कुठेतरी शॉर्ट होता. त्याने बोर्डावर राळेचा धूर दिला. पांढरी पुटी बसली. मग बेताने वीज सोडली, तशी एकाच ठिकाणची राळ वितळली. तिथे खसखशीहून बारीक कपॅसिटर बसला होता. तोच चोर. गरम हवेने तो उचलला. त्याच्या जोडीला तसेच आणखी असतात, एकावाचून अडत नाही म्हणे.

एक तार मात्र कळंकाने खाऊन टाकली होती. तिथे त्याने केसासारखी तांब्याची तार डाखली. आधी फ्लक्स लावला. कल्हईवाला नवसागर टाकतो ना, त्याच कामाला. कथीलही तेच, फक्त यात शिसे मिसळलेले. ते 183 अंशांवर वितळते. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

फोन उघडला. तिथेच पाटावर बसून मी सारा हिशेब वहीत उतरवला, मगच पैसे दिले. माझ्या आठवणीतल्या कागदाशी ताडून पाहिले, तर एक चूक निघाली. एका बाईंचे पाचशे रुपये आले नाहीत असे मी धरले होते, ते आषाढातच जमा झालेले होते. आणि मधल्या दिवसांत मी त्यांना दारात गाठून विचारलेही होते! नाव घेत नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ताई, माझे चुकले.